आवड उघडपणे का सांगावी? ‘एक सांगलीकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

माझ्या मागील लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपण नाव न देता ‘एक सांगलीकर’ अशी सही केली आहे आणि आपण निवृत्त शिक्षक असल्याचा उल्लेख केला आहे, म्हणून आपल्याला ‘सर’ असेच संबोधतो. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसानेसुद्धा आपण विज्ञानकथांचे वेडे आहोत, आजच्या मुलांच्या भाषेत ‘गीक’ आहोत, हे नातेवाइकांत, कचेरीत आणि समाजमाध्यमांवर न लपवता सांगावे आणि आपल्यासारख्या वाचकांत मिसळावे, असे मी त्यात लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की वाचायला कोणाची हरकत नाही, पण त्याचा झेंडा मिरवणे हा पोरकटपणा आहे; ही अमेरिकी तरुणांची नक्कल असून नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीला ती शोभत नाही; ज्या गावाच्या उंबऱ्याशी पूर येतो तिथे परग्रहांच्या गप्पा म्हणजे पलायन आहे; आणि असे गट शेवटी कंपू होतात. शेवटी आपण विचारले आहे, की नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञानेही पहिली विज्ञानकथा टोपणनावाने पाठवली, मग तुम्हालाच जाहीर करण्याची एवढी निकड का?

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत नेमका आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी डॉ. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, हे खरेच आहे. पण त्या नावामागे संकोच नव्हता. १९६५ मध्येच पद्मभूषण मिळालेल्या, केंब्रिजहून परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणाऱ्या माणसाचे नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, कथा तिच्या गुणांवरच तोलली जावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढे त्यांनी विज्ञानकथा स्वतःच्या नावानेच लिहिल्या, त्यांविषयी ते सभासंमेलनांतून बोलत राहिले आणि २०२१ साली नाशिकला झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मी ज्या लपवण्याबद्दल लिहिले होते ते अगदी निराळे आहे. मुखपृष्ठावरचा यंत्रमानव सहकाऱ्यांना दिसू नये म्हणून पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालणारे, ‘काय वाचताय?’ या प्रश्नाला ‘असंच काहीतरी’ असे उत्तर देणारे चांगले शिकलेले, संसारी लोक मला माहीत आहेत. त्यांना कोणाच्या निःपक्षपातीपणाची चिंता नसते. आपल्याला कोणी हसेल, एवढीच धास्ती असते.

नारळीकरांच्या त्या कथेबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी असे मला वाटते. ती पाठवायला एक जागा होती. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने अशा कथांसाठी स्पर्धा ठेवली, तिची जाहीर घोषणा केली, आणि त्यामुळे हा प्रकार मनापासून आवडणारी माणसे महाराष्ट्रात आहेत हे एकमेकांना कळले. त्याच काळात लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे यांच्यासारखे लेखक लिहू लागले, आणि पुढे लोंढ्यांची ‘दुसरा आइनस्टाईन’ ही कथा जेम्स गन यांनी संपादित केलेल्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात गेली. ही माणसे आपापल्या घरी दार लावून वाचत बसली असती, तर मराठीत विज्ञानकथेचा असा बहर आला असता असे मला वाटत नाही.

साऱ्या जगातच हे असे घडलेले आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले आणि त्यातल्या वाचकांच्या पत्रांखाली पत्रलेखकाचा संपूर्ण पत्ता छापायला सुरुवात केली. बाब अगदी साधी, पण तिचा परिणाम मोठा झाला. आडगावात राहणाऱ्या, आपल्यासारखा दुसरा कोणी असेल याची कल्पनाही नसलेल्या मुलाला पलीकडच्या राज्यातल्या मुलाचा पत्ता मिळाला. पत्रव्यवहार सुरू झाले, त्यांतून मंडळे निघाली, मंडळांनी स्वतःची छोटी नियतकालिके काढली, आणि १९३९ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला सुमारे २०० लोकांच्या उपस्थितीत पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. संगणकांचे जाळे आल्यावरही तेच झाले. १९७९ मध्ये, म्हणजे वर्ल्ड वाइड वेब यायला अजून दहाएक वर्षे अवकाश असताना, संशोधनासाठी उभारलेल्या अर्पानेटवर ‘एसएफ-लव्हर्स’ नावाची विज्ञानकथाप्रेमींची टपालयादी चालू झाली. आपली आवड स्वतःच्या नावासह सांगणे म्हणजे पत्ता देणे होय, आणि मी त्याचा आग्रह धरतो तो याच अर्थाने. ज्याला पोरकटपणा म्हणून दूर सारायचे त्याने जरूर सारावे, पण पत्ता दिल्याशिवाय पत्र येत नाही.

आमच्या विज्ञानकथाप्रेमींच्या गटात नेमके काय चालते, याची आपल्याला उत्सुकता नसली तरी एक प्रसंग सांगतो, कारण ‘गप्पा’ हा शब्द आपण तीन वेळा वापरला आहे. एका अनुवादित कथेत फिरत्या चक्रासारखे अंतराळस्थानक होते. असे स्थानक फिरते म्हणूनच आतल्या माणसांना वजन भासते. त्याची त्रिज्या २० मीटर होती, आणि आतले लोक पृथ्वीवर चालावे तसे निवांत चालत होते. कुपवाड एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, यंत्रावर काम करणाऱ्या आमच्या एका सदस्याने वहीच्या पानावर हिशेब मांडून त्याचा फोटो टाकला. फेऱ्यांचा हिशेब हे त्यांचे रोजचेच काम आहे. पृथ्वीइतके वजन भासण्यासाठी ते चक्र मिनिटाला जवळजवळ पावणेसात वेळा फिरावे लागेल, आणि साडेपाच फुटांच्या माणसाच्या डोक्याशी जाणवणारे गुरुत्व पायांपेक्षा सुमारे साडेआठ टक्क्यांनी कमी असेल, असे त्यांनी दाखवले. मान वळवली की भोवळ येणार, तेव्हा लेखकाने निवांत चालवलेली माणसे खरे तर भिंत धरून बसली असती, हे त्यांचे म्हणणे. मिनिटाला दोनच फेऱ्या हव्या असतील तर त्रिज्या २२४ मीटर, म्हणजे व्यास जवळपास अर्धा किलोमीटर लागेल.

यावर तासगावच्या, अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, की त्या छोट्या चक्रात कोणी धावू लागले तर त्याचे वजन बदलेल का? त्या प्रश्नावर पुढचे दोन तास कोणी दुसरा विषय काढला नाही. चक्राच्या कडेचा वेग सेकंदाला १४ मीटर येतो. उलट दिशेने सेकंदाला ५ मीटर धावणाऱ्याचे वजन सुमारे ४० टक्क्यांवर येते, आणि चक्राच्याच दिशेने तितक्याच वेगाने धावणाऱ्याचे १.८ पट होते. हे उत्तर तिने स्वतः काढले, आम्ही फक्त सूत्र आठवून दिले. ही मुलगी आमच्यापर्यंत कशी आली, हेही सांगायला हवे. तिच्या मामांनी आपल्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर वाचलेल्या विज्ञानकथेविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांनी त्या संकोचाने लिहिल्या नसत्या, तर मामा आणि भाची एकाच घरातल्या समारंभात शेजारी बसून जेवले असते आणि दोघांनाही एकमेकांची आवड कधी कळली नसती. सर, आपण आयुष्यभर वर्गात शिकवले आहे. मूल आपणहून असा प्रश्न विचारते तेव्हा शिक्षकाला काय वाटते, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही.

नक्कल आणि नाट्यपंढरी यांविषयी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ सादर केले ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने, आणि त्याची प्रेरणा होती कर्नाटकातून सांगलीत आलेल्या भागवत मंडळींचे खेळ. बाहेरून आलेले पाहून आपल्या मातीत आपले काही उभे करण्याची परंपरा या शहरानेच घातली, आणि पुढे देवल-खाडिलकरांच्या गावात रात्ररात्र जागून नाटके पाहणाऱ्यांना, पदांमागून पदे पाठ असणाऱ्यांना कोणी पोरकट म्हटले नाही. त्यांचा मान राखला गेला, आणि तो योग्यच होता. तोच मान विज्ञानकथेच्या वेडाला का मिळू नये, याचे कारण मला आपल्या प्रतिक्रियेत सापडले नाही. आपणच लिहिले आहे, की शाळेत असताना भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आपण हावरटासारखा वाचला. तो फ्रान्सचा होता म्हणून आपली गोडी कमी झाली नाही. विदेशी चित्रपटांच्या बाहुल्या आणि टी-शर्ट यांवर पैसे उधळण्याला आपला विरोध असेल तर मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. विकत घेतलेल्या वस्तूंनी कोणी रसिक होत नाही.

पुराचा मुद्दा मला लागला, कारण तो माझ्याही घरचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी असताना कृष्णा ५७ फुटांवर गेली, हे मी वाचून नव्हे, पाहून सांगतो. पण विज्ञानकथा वाचणारा माणूस या प्रश्नापासून पळतो, हे मला मान्य नाही. कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेली तर वरच्या अंगाला काय होईल, याविषयी आपल्या जिल्ह्यात कळकळीची चर्चा चालते. ‘समजा असे झाले, तर पुढे काय, आणि त्याच्याही पुढे काय?’ हाच तो प्रश्न आहे, आणि एक गृहीत धरून त्याचे परिणाम माणसांच्या घरापर्यंत, गोठ्यापर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत नेऊन पाहण्याची सवय चांगली विज्ञानकथा लावते. तज्ज्ञांचे अहवाल पाण्याची उंची सांगतात. त्या उंचीला कोणाचे काय होते, ते कथा सांगू शकते. कृष्णाकाठच्या पुरावरची खरी दमदार विज्ञानकथा अजून माझ्या वाचनात आलेली नाही, आणि ती लिहिली गेली तर ती इथल्याच कोणाच्या हातून लिहिली जावी असे मला फार वाटते.

कंपूबाजीबद्दल आपण जे म्हणता त्यात तथ्य आहे, आणि ते मी सौम्य करून मांडणार नाही. ज्या १९३९ च्या संमेलनाचा वर गौरवाने उल्लेख केला, त्याच संमेलनाच्या दारातून संयोजकांनी प्रतिस्पर्धी मंडळाच्या सहा जणांना आत येऊ दिले नाही, आणि त्यांत फ्रेडरिक पोल यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले लेखक होते. त्याच संमेलनात फॉरेस्ट अॅकरमन भविष्यकाळातला पोशाख घालून आले म्हणून त्यांचे नाव सगळीकडे घेतले जाते. पण तो पोशाख शिवणाऱ्या आणि स्वतःही तसाच घालून आलेल्या मर्टल डग्लस यांचा उल्लेख बराच काळ मागे पडला. नवख्याची परीक्षा घेणे, मुलींना ‘तू खरंच वाचलंयस का?’ असे विचारणे, हे प्रकार आजही गटागटांत चालतात आणि मला त्यांची चीड आहे. आमच्या गटात कोणालाही त्याने काय वाचलेले नाही यावरून बोलायचे नाही, हा नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याला समज देऊनही फरक पडला नाही तर निरोप दिला जातो. यावर उपाय म्हणून गटच नको, असे आपण सुचवता. मला मात्र दार मोठे करणे हाच उपाय दिसतो.

एका गोष्टीचा आधार मी मुद्दामच घेतला नाही. ऐन तरुणपणी ब्रिटनमधल्या विज्ञानकथाप्रेमींच्या मंडळात वावरणाऱ्या विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांद्वारे दूरसंचाराची कल्पना मांडली, आणि आज आपल्या छतावरची डिश विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेल्या अशाच उपग्रहाकडे तोंड करून असते. असे दाखले देऊन विज्ञानकथेची उपयुक्तता सिद्ध करण्याचा मोह पुष्कळांना होतो. मला तो मार्ग पसंत नाही. गाणे आवडणाऱ्याकडून आपण त्याच्या आवडीचा फायदा मागत नाही. एखाद्या कथेने विश्वाचा आवाका क्षणभर जाणवून दिला आणि अंगावर काटा आला, एवढे कारण मला ती जाहीरपणे आवडायला पुरेसे आहे. ‘गीक’ या बिरुदाबाबत माझा काहीच हट्ट नाही. आपल्याला दुसरे कोणतेही नाव रुचत असेल तर तेच वापरू.

जाता जाता एक विनंती. आपल्या माळ्यावर १९७० च्या दशकातले दिवाळी अंक बांधून ठेवलेले आहेत, असे आपण ओघात लिहिले आहे. त्या काळातल्या दिवाळी अंकांत आलेल्या विज्ञानकथांची लेखक, कथा, अंक आणि वर्ष अशी यादी आम्ही काही जण मिळून करत आहोत. कृष्णाकाठच्या अनेक घरांतले असे गठ्ठे पुरात भिजून गेल्यामुळे काम अडत अडत चालले आहे, आणि १९७२ ते १९७८ या वर्षांत बरीच पोकळी आहे. आपण त्या अंकांच्या केवळ अनुक्रमणिकेच्या पानांचे फोटो पाठवू शकाल का? आपल्याला जिना चढण्याचा त्रास होत असेल, तर आपण सांगाल त्या रविवारी आमच्यापैकी कोणीतरी येऊन, अंक जागचे न हलवता फोटो काढून घेईल. यादीत साहाय्य करणाऱ्यांची नावे देत आहोत. आपले नाव ‘एक सांगलीकर’ असे द्यायचे की पूर्ण द्यायचे, ते आपण ठरवावे.