वायरमनची परीक्षा आणि 2000 वॅटची ऊब

नाशिक जिल्ह्यात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 6 अंशांवर उतरला, निफाडकडचे बागायतदार द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बांधावर शेकोट्या पेटवू लागले, की समजा वायरमनच्या परीक्षेचा अभ्यास करायची हीच वेळ. गोधडी, कानटोपी, चहाचा थर्मास, पुस्तक, सगळं जवळ घ्या. एकच पथ्य पाळा. पुस्तकातलं पुस्तकात ठेवायचं, खोलीतल्या वायरिंगला लावायचं नाही.

सुरुवात एक्स्टेन्शन बोर्डापासून. कोपऱ्यावरच्या दुकानातला, सर्वांत स्वस्त, आत 0.75 चौरस मिलिमीटरची तार असलेला घ्या. त्याला 2000 वॅटचा रूम हीटर लावा. हीटरची जाडी पिन बोर्डात जात नाही, ही कंपनीची चूक समजून कन्व्हर्जन प्लग आणा. शेजारच्या भोकात 1500 वॅटचा पाणी तापवायचा रॉड. त्याची पिन कधीच तुटलेली असणार. वायरीची टोकं सोलून सॉकेटात खुपसा आणि काड्यापेटीच्या दोन काड्या ठोकून घट्ट बसवा. गळणारा करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची हिरवी वायर उरेल, ती मागे दुमडून टाका. बादली टेबलाखाली ठेवली की पायही शेकतात.

आता गणित सोडवा, परीक्षेत नक्की येतं. 3500 भागिले 230, म्हणजे 15.2 अँपिअर. बोर्डाची तार सहा-सात अँपिअरची. करंट अडीचपट झाला की तारेतली उष्णता सव्वासहापट होते, कारण ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एवढी फुकटची ऊब दुसरीकडे कुठे मिळेल? उरलेली वायर गुंडाळून गोधडीखाली सारा, म्हणजे ऊब बाहेर जाणार नाही. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादा 70 अंशांची असते. पण बाहेर 6 अंश असताना 70 चा आकडा कोण मनावर घेतो!

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडेल ही भीती सोडा. ती 16 अँपिअरची आहे, भिंतीतल्या जाड तारेच्या मापानं बसवलेली. तिच्या लेखी 15.2 म्हणजे सगळं आलबेल. तुमचा बोर्ड वितळला तरी तिला त्याचा पत्ता नसतो. त्यात लॅपटॉप आणि छोटी किटली जोडून 18 पर्यंत गेलात तरी तासाभरात ती पडायची नाही, कारण 16 च्या 1.13 पटीपर्यंत सोसायचं हे तिच्या मानकातच लिहिलेलं आहे. हा आकडा पाठ करा. बोर्डाकडे मात्र बघू नका.

खरी कटकट आरसीसीबीची, म्हणजे करंट गळताच वीज तोडणाऱ्या स्विचची. 30 मिलिअँपिअरची गळती झाली की ही बया घरभर अंधार करते. रॉडवर क्षार साचून वरची नळी चिरली, आत ओल गेली, की रोज पहाटे पाचला हा कार्यक्रम ठरलेला. नवा रॉड आणणं हा भित्र्यांचा मार्ग. तुम्ही होऊ घातलेले वायरमन. आरसीसीबी बायपास करा. अर्थिंगची हिरवी वायर आधीच दुमडलेली आहे, त्यामुळे गळणारा करंट आता तुमच्या हाताचीच वाट बघेल.

20 लिटर पाणी 12 अंशांवरून 42 वर न्यायला या रॉडला साधारण 28 मिनिटं लागतात. तेवढ्यात अर्थिंगचं प्रकरण आटोपतं: जमिनीत पुरायची 60 बाय 60 सेंटिमीटरची प्लेट, मीठ, कोळसा, आणि तोंडी परीक्षेतला लाडका प्रश्न, तिसरी पिन जाड आणि लांब का? प्लग लावताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा म्हणून ती लांब, आणि फेजच्या भोकात चुकूनही जाऊ नये म्हणून जाड. उत्तर खणखणीत द्या. मग पाणी तापलं का ते बोट बुडवून पाहा, स्विच चालू ठेवूनच. बंद करायला गोधडीतून उठावं लागतं.

वीज गेलीच तर कोळशाची शेगडी आहे. दार-खिडक्या घट्ट लावून घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे अभ्यासात व्यत्यय येत नाही. डोकं जड झालं तर अभ्यास फार झाला असं समजायचं.

राहता राहिलं आगीचं प्रकरण. आधी सप्लाय तोडा, मग कार्बन डायऑक्साइड किंवा ड्राय पावडर वापरा, पाणी कदापि नाही, असं काहीतरी त्यात आहे. पुस्तकात ते शेवटी छापलंय, तेव्हा संक्रांतीनंतर गारठा ओसरला की वाचा. तोवर अडचण नाही, टेबलाखाली 20 लिटर कोमट पाणी तयारच आहे.