ब्रोकोलीला फोडणी चालते: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

थंडी पडली की सातारा-सांगलीच्या मंडईत फ्लॉवरच्या शेजारी ब्रोकोलीचे गड्डे दिसू लागतात, आणि त्याच सुमारास घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ब्रोकोली ही परदेशी, हायब्रीड भाजी आहे. आपल्या मसाल्यात ती शोभत नाही. तेल-फोडणी दिली की तिचे गुण जळतात, म्हणून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे उकळून, पाणी ओतून देऊन, वर मिरपूड भुरभुरून खावी. दांडा टाकून द्यावा. थायरॉइड असेल तर हातही लावू नये.

यातले बहुतेक चूक आहे. वाईट याचे वाटते की लोक मेसेजबरहुकूम भाजी करतात, ती लिबलिबीत आणि उग्र वासाची होते, मुले ताट सरकवतात आणि ब्रोकोली त्या घरात पुन्हा येत नाही.

आधी ‘परदेशी’चे बघू. ब्रोकोली मूळची इटलीकडची, हे खरे. पण कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली ही एकाच वनस्पतीची रूपे आहेत. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवड करत कुठे पाने वाढवली, कुठे खोड, तर कुठे कळ्यांचा गड्डा. फ्लॉवरही आपल्याकडे १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत बाहेरूनच आला. आपल्या कांदा-लसूण मसाल्यातली मिरची आणि कुटातला शेंगदाणा हे दोन्ही अमेरिका खंडातून आलेले. हायब्रीड म्हणजे दोन वाणांचा संकर, त्यात भिण्यासारखे काही नाही. मंडईतला कोबी आणि टोमॅटोही बहुतेक वेळा संकरितच असतो. एवढे मात्र लक्षात ठेवा की या पिकाला १५ ते २० अंशांची हवा मानवते. त्यामुळे चांगला गड्डा डिसेंबर-जानेवारीत मिळतो. उन्हाळ्यात तो सैल पडतो आणि कळ्या पिवळ्या होऊन उमलतात. अशी भाजी विषारी नसते, पण कडवट आणि मऊ लागते. घेताना कळ्या घट्ट, गडद हिरव्या आणि दांड्याचा काप ओलसर आहे ना, ते बघा.

आता मेसेजमधली सर्वात नुकसानीची सूचना, दहा मिनिटे उकळण्याची. १०० ग्रॅम कच्च्या ब्रोकोलीत सुमारे ९० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. ते पाण्यात विरघळते, उष्णतेने नासतेही. भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिले की त्यातला मोठा वाटा मोरीत जातो. म्हणजे गुण घालवणारी कृती मेसेजच सांगतो आणि आळ फोडणीवर घेतो. वास आणि रंगही याच उकळण्याने बिघडतात. सहा-सात मिनिटांपुढे शिजत ठेवली की ब्रोकोलीतली गंधकयुक्त द्रव्ये फुटतात आणि कुजकट वास सुटतो. भाजीतलीच आम्ले हरितद्रव्यावर काम करून हिरव्याचा शेवाळी तपकिरी रंग करतात. हिरवेपणा टिकावा म्हणून काही जण चिमूटभर सोडा घालतात. तो रंग राखतो, पण तुऱ्यांचा लगदा करतो आणि क जीवनसत्त्व आणखी घालवतो. सोडा नकोच. लिंबूही शिजताना नको, ताटात पिळा. वाफवायची असेल तर चाळणीत ठेवून, पाण्याला न लागता, चार मिनिटे पुरे.

तेलाबद्दलचा दावा तर सरळ उलटा आहे. ब्रोकोलीतले के जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटिन स्निग्धात विरघळणारे असतात, थोडे तेल असले की शरीर ते नीट शोषून घेते. शिवाय तेल, मीठ आणि कूट मिळून तिचा कडवटपणा झाकतात. ही भाजी आपल्या लोखंडी कढईत जितकी खुलते, तितकी उकळत्या पाण्यात कधीच खुलत नाही.

३०० ग्रॅमचा एक मध्यम गड्डा घ्या. दीड इंचाचे तुरे करा, दांड्याचे पातळ काप वेगळे ठेवा. धुतल्यावर चाळणीत पंधरा मिनिटे निथळू द्या. बहुतेकांची भाजी इथेच फसते. कळ्यांत पाणी अडकून राहते, ते कढईत सुटते आणि भाजी परतली न जाता उकडते. कढईत दीड टेबलस्पून शेंगदाणा तेल तापवा. अर्धा चमचा मोहरी तडतडू द्या, मग अर्धा चमचा जिरे, हिंग, ठेचलेल्या सहा लसूण पाकळ्या. लसूण सोनेरी होताच पाव चमचा हळद आणि दांड्याचे काप टाकून दोन मिनिटे परता. मग तुरे आणि मीठ घाला, दोन चमचे पाणी शिंपडा, दोन मिनिटे झाकण. झाकण काढून मोठ्या आचेवर दोन मिनिटे, कडा जरा करपेपर्यंत. कांदा-लसूण मसाला एक चमचा, पण शेवटच्या अर्ध्या मिनिटात, आधी घातला तर जळून कडू होतो. मसाल्यात मीठ असते, म्हणून भाजीतले मीठ बेताचे. गॅस बंद करून दोन चमचे दाण्याचे कूट मिसळा. ज्वारीच्या भाकरीबरोबर खा.

पीठ पेरूनही उत्तम होते. तेल दोन टेबलस्पून घ्या, तुरे अर्धे शिजले की तीन टेबलस्पून बेसन वरून भुरभुरा आणि लगेच न ढवळता मंद आचेवर चार मिनिटे झाकून ठेवा. बेसनाच्या गाठी झाल्या तर समजा तुरे ओले होते.

मेसेज ज्या गुणांचे नाव न घेता धाक घालतो, त्यातले महत्त्वाचे द्रव्य म्हणजे सल्फोराफेन. ते कच्च्या ब्रोकोलीत तयार नसते. भाजी चिरली की तिच्यातले एक विकर (एन्झाइम) त्याला घडवते, आणि ते विकर उष्णतेने निकामी होते. म्हणून चिरून अर्धा-पाऊण तास ठेवा, मगच शिजवा. घाई असेल तर पाव चमचा कच्च्या मोहरीची पूड वाढलेल्या भाजीवर भुरभुरा. तेच विकर मोहरीतही असते. फोडणीतल्या मोहरीने मात्र हे काम होत नाही, ती तापलेली असते.

थायरॉइडचा धाक अर्धवट माहितीतून आला आहे. या कुळातल्या भाज्या कच्च्या आणि खूप प्रमाणात, आयोडीन कमी असताना खाल्ल्या तर अडचण होऊ शकते. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या घरात आठवड्यातून दोन-तीनदा शिजवलेली वाटीभर भाजी ही वेगळी गोष्ट. थायरॉइडचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. ज्यांची मेसेज आठवणही काढत नाही, त्यांनी जास्त जपायला हवे: रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी ब्रोकोली अचानक वाढवू किंवा बंद करू नये, कारण के जीवनसत्त्व त्या औषधाच्या परिणामात ढवळाढवळ करते.

अळ्यांसाठी उकळायला हवे, असेही त्यात कुणीतरी जोडले आहे. हिरवी बारीक अळी आणि मावा येतात, नाकारण्यात अर्थ नाही. एक लिटर पाण्यात दोन चमचे मीठ घालून गड्डा डोके खाली करून दहा मिनिटे बुडवा, हलवून काढा, वाहत्या पाण्याखाली धुवा. अळ्या सुटून येतात. धुवायचे ते करायच्या दिवशीच. ठेवायची असेल तर न धुता, भोके असलेल्या पिशवीत फ्रिजमध्ये चार दिवस, आणि पिकलेल्या केळ्यांपासून लांब. केळ्यांतून निघणाऱ्या वायूने कळ्या पिवळ्या पडतात.

राहिला दांडा. तो फेकणे म्हणजे मोजून घेतलेल्या भाजीचा बराच भाग फेकणे. बाहेरचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे धागेदार साल सुरीने उतरवा, आतला गर नवलकोलासारखा गोडसर निघतो. किसून थालीपिठाच्या पिठात घाला, किंवा कोशिंबीर करा: एक वाटी कीस, अर्धी वाटी दही, दोन चमचे कूट, किंचित साखर, वर हिरवी मिरची आणि जिऱ्याची फोडणी. मीठ वाढायच्या वेळी घाला, आधी घातले तर पाणी सुटते.