पाठवून ठेवा, बघतो

मुंबईत नुसत्या लेखणीवर जगणं म्हणजे विरार फास्टमध्ये अंधेरीला चढून खिडकी मागणं. भाषांतरं आणि मुद्रितशोधन यांवर माझं कसंबसं भागत होतं. पण गोरेगावच्या घरमालकाने भाडं वाढवलं आणि मी ठरवलं, यंदा दिवाळी अंकांच्या संपादकांना आपणहून फोन करायचे.

हे काम मे महिन्यातच करावं लागतं. मानेवरचा घाम पुसत गुलाबी थंडीबद्दल लिहायची ज्याची तयारी नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

संपादक ही फार प्रेमळ जमात. तब्येत विचारतात, मुलांची चौकशी करतात, मग कागदाचे भाव सांगून उसासा टाकतात. कागदाचे भाव निघाले की ओळखावं, आपला भाव आता निघणार नाही.

"विषय काय म्हणालात?"

"इराणी हॉटेलं."

"इराणी गेल्या वर्षी झाले."

"मग गिरणगाव?"

"ते दर वर्षी होतं."

"चाळी?"

"चाळींवर आमचे एक ज्येष्ठ लिहितात. त्यांना दुखवायचं नाही हो. तुम्ही असं करा, हलकंफुलकं काहीतरी पाठवून ठेवा, बघतो. बाराशे शब्द. आणि युनिकोड नको, श्रीलिपीत द्या."

पुढच्या संपादकांना श्रीलिपी चालत नाही.

या सगळ्यात पैशांचं नेमकं कधी विचारायचं? सुरुवातीलाच विचारलं तर हावरट दिसतो. शेवटी विचारावं म्हटलं, तर "ठेवतो हं, दुसरा फोन येतोय." बायको समोर उभी राहून बोटांनी नोटा मोजायची खूण करत असते. मी भिंतीकडे तोंड करून बोलतो.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा. मला तिचा अभिमान आहे. दिवाळीच्या लेखाचा चेक शिमग्याला येतो, ही तिची पोटपरंपरा असावी. अंक मात्र वेळेवर येतो, आणि तो चाळत मेहुणा म्हणतो, "मजा आहे बुवा भाऊजी तुमची! घरबसल्या कमाई."

अखेर एका संपादकांना लेख आवडला. मनापासून आवडला, असं दोनदा म्हणाले. "फक्त ओळखीत कुणी असेल तर अर्ध्या पानाची जाहिरात तेवढी बघा ना."

म्हणून मी आमच्या इमारतीखालच्या फरसाणवाल्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जाहिरातीचं बघू म्हणाला. मग त्याने विचारलं, "मला दुकानासाठी चार ओळी लिहून पाहिजेत. तुम्ही किती घेता?"

अख्ख्या उन्हाळ्यात हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस! माझा ऊर भरून आला. आणि त्या भरात मी म्हणालो, "छे हो, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या."

त्याने लगेच पाव किलो भाकरवडी बांधली.