घोडं अडतं इंडिकेटरवर

मोटारसायकलला सामानाच्या पेट्या बसवायचं काम किटसोबतच्या कागदावर सहा चित्रांत उरकलेलं असतं. पहिल्या चित्रात बोडकी गाडी, सहाव्यात पेट्यांसकट गाडी आणि मधल्या चारांत नुसते बाण. कागद पाहून माणूस म्हणतो, ‘हात्तिच्या, चारच तर बोल्ट आहेत!’ इथून पुढचा रविवार त्याचा नसतो.

कारण घोडं पेटीपाशी अडत नाही, इंडिकेटरपाशी अडतं. सीटखाली, चाकाच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा दिसली म्हणून गाडी बनवणाऱ्याने तिथे इंडिकेटर लावले. पेटी बनवणाऱ्यालाही नेमकी तीच जागा मोकळी दिसली. या दोघांची आयुष्यात गाठ पडलेली नसते. तडजोड करायला आपण बसायचं, तेही जमिनीवर, मांडी घालून.

कापडी बॅगवाले यातून पळवाट काढतात. ‘इंडिकेटरचा दांडा रबरी आहे, वाकेल की.’ वाकतो ना. खड्ड्याखड्ड्याला वाकतो आणि मग एक दिवस दोन वायरींवर लोंबकळायला लागतो. तोवरही त्याचा उपयोग काय, तर बॅगेला डोळा मारणे. मागच्या ट्रकवाल्याला त्यातलं काही कळत नाही.

म्हणून इंडिकेटर हलवायचे. कुठे? अनेक देश मानतात तो संयुक्त राष्ट्रांचा ५३ क्रमांकाचा नियम सांगतो की मागच्या दोन इंडिकेटरच्या आतल्या कडांमध्ये किमान १८० मिमी अंतर हवं आणि उंची जमिनीपासून ३५० ते १२०० मिमीच्या आत. शिवाय बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत दिवा दिसला पाहिजे, आणि पेट्या लागल्यावर मार बसतो तो यालाच. माझं मत नंबरप्लेटच्या वर आडव्या पट्टीला. पट्टी ३ मिमी जाड लोखंडाची घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी देखणी दिसते, पण थरथरीने वाकणीतच तडकते. पेटी ज्यावर बसते त्या फ्रेमवरच इंडिकेटर लावणारेही आहेत. त्यांना फ्रेम काढली की दिवेही काढावे लागतात, मग ते फ्रेम कधीच काढत नाहीत.

आता जुना इंडिकेटर काढायचा. त्याचा आटेवाला दांडा पोकळ असतो आणि वायरी त्यातूनच येतात. म्हणजे मागचा नट सोडवला तरी तो वायरींवर माळेतल्या मण्यासारखा ओवलेलाच. आधी सीट काढून वायरींचा कपलर, म्हणजे जोडणीची खोबण, सोडवा, तेव्हा कुठे मणी बाहेर येतो आणि तडक मडगार्डच्या पोटात जातो. दोरीला लोहचुंबक बांधून मासेमारी करता येते. फक्त आपण हौसेने स्टेनलेसचे नट वापरले असतील तर चुंबक त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

वायरींच्या रंगांवर मात्र विसंबू नये. होंडात साधारणपणे हिरवी वायर म्हणजे अर्थिंग, कावासाकीत हिरवी म्हणजे डावा इंडिकेटर, यामाहात गडद हिरवी म्हणजे उजवा. ‘हिरवीला हिरवी जोड’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर आधी त्याची गाडी कुठली ते विचारावं. सोडवण्यापूर्वी प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून डावा-उजवा लिहिणं हा दोन मिनिटांचा कंटाळा पुढचे दोन तास वाचवतो. आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. सगळ्यांना माहीत असतं, काढत कुणीच नाही.

लांबवायला वीसेक सेंटिमीटर वायर पुरते. बल्ब १० वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर एक अँपियरही ओढत नाही. त्याला ०.७५ चौरस मिमीची वायर म्हणजे ऐसपैस झालं. सांधा झाळून घेण्याचा मोह आवरावा. झाळलेली वायर कडक होते आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच ती थरथरीने तुटते. थिंबल, म्हणजे धातूची छोटी टोपी, दाबून जोडणं बरं. वरून हीट-श्रिंक, म्हणजे तापवली की आकसणारी, नळी. ही नळी सांधा करण्याआधी वायरीत सरकवायची असते. सांधा पक्का झाला, ओढून पाहिला, समाधानाने पाय ताणले, की नळी समोर फरशीवर पडलेली दिसते. हे प्रत्येक सांध्याला होतं. दोन्ही बाजूंचे मिळून सांधे आठ.

एकच वायर असलेला इंडिकेटर असेल तर त्याची अर्थिंग दांड्यातून पट्टीत आणि पट्टीतून सांगाड्यात जाते. पट्टी रंगवलेली, बोल्टाखाली रंग खरवडलेला नाही, की करंटाची वाट अडते. मग तो शेजारच्या बल्बातून वाट काढतो आणि डावा दिला की उजवाही मिणमिणतो. वॉशरएवढा रंग दोन्हीकडे खरवडा. या निमित्ताने एलईडी लावलेत तर दिव्याची उघडझाप करणारी डबी, म्हणजे जुना फ्लॅशर, कमी भार पाहून ‘बल्ब गेला’ असं समजतो आणि धाप लागल्यासारखा टिकटिकतो. मिनिटाला ६० ते १२० उघडझाप ठीक, त्याहून जास्त असेल तर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. भार वाढवायला रेझिस्टरही चालतो, पण तो तापतो. प्लास्टिकला चिकटवू नका.

फ्रेम त्या मानाने गरीब. एकच गोम आहे: सगळे बोल्ट आधी हाताने, दोन-दोन आटेच लावायचे. पहिला करकचून आवळला की चौथ्याचं भोक बोल्टाच्या नाकावर टिच्चून अर्धा सेंटिमीटर सरकतं. मग लोक पान्याला पाइप लावतात आणि आटे जातात. फ्रेम आणि गाडीच्या मध्ये २० मिमीचा स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी नळी, घातला तर बोल्टही २० मिमी लांब हवा. जुनाच वापरला तर तो दोन आट्यांवर लटकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि घाटात सुटतो. ६ मिमीच्या बोल्टाला १० न्यूटन-मीटर, ८ मिमीच्याला वीस-बावीस पुरे.

सायलेन्सरच्या बाजूची पेटी बाहेर येणारच, ते मनाला लावून घेऊ नये. मागे दोघांना बसवून गाडी दाबून पाहा. बॅग चाकाला, साखळीला, सायलेन्सरला लागत नाही ना? पट्ट्यांची मोकळी टोकं बांधली का?

मग किल्ली फिरवायची, बटण दाबायचं. दिवा लागत नाही, कारण निगेटिव्ह न काढल्याने मघाशीच फ्यूज उडालेला असतो. बऱ्याच गाड्यांत फ्यूज बाजूच्या झाकणामागे असतो. झाकणावरून आता नवी फ्रेम गेलेली असते. फ्रेम सोडवायला दहाचा पाना हवा, आणि तो टूलकिटमध्ये, त्याच झाकणामागे.