काँगोत गेला म्हणून आपला नाही?

आज ५ डिसेंबर, कॅप्टन गुरबचनसिंग सलारियांचा स्मृतिदिन. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला, तर पाच मिनिटांत एकाचा रिप्लाय, "मॅडम, हे तर काँगोत गेले ना, बॉर्डरवर नाही, आपला काय संबंध?" आणि त्याला तीन अंगठे. डोकंच फिरलं. दुपारपर्यंत गप्प बसले, आता लिहितेच.

आमचे आबा एनडीएत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकॅडमीत, शिकणाऱ्या पोरांच्या सायकली दुरुस्त करायचे. अकॅडमी खडकवासल्याला आली १९५५ ला, तेव्हापासून. सलारिया तिथून बाहेर पडले १९५६ ला. पुढे परमवीर चक्र मिळालं आणि पेपरात फोटो आला तेव्हा आबांनी तो पेपर कंदिलाजवळ धरून कितीतरी वेळ बघितला म्हणे, आणि आजीला म्हणाले, "ह्या पोराची चेन मी चढवली असंल गं, पण तोंड काय ध्यानात येईना."

१९६१. सलारिया युनोच्या शांतिसेनेत काँगोला गेलेले. काँगोतून फुटून निघालेल्या कटांगा प्रांताच्या बंडखोरांनी तिथल्या एलिझाबेथव्हिल शहरात रस्ता अडवलेला, नव्वदेक माणसं आणि दोन चिलखती गाड्या. यांच्याबरोबर गोरखे किती? सोळा! रॉकेट लाँचरने गाड्या उडवल्या आणि संगिनी, खुकऱ्या घेऊन सरळ घुसले. मानेत गोळ्या लागल्या तरी हा माणूस पडेपर्यंत लढत राहिला. एनडीएतून बाहेर पडलेल्यांतलं पहिलं परमवीर चक्र यांचं, आणि युनोच्या मोहिमेवरच्या शांतिसैनिकाला मिळालेलं एकमेव.

आणि म्हणे काय संबंध!

अहो, एनडीएची ती घुमटाची बिल्डिंग, जिच्यासमोरच्या परेडचे व्हिडिओ तुम्हीच फॉरवर्ड करता, तिचं नाव सुदान ब्लॉक का आहे माहितीय? दुसऱ्या महायुद्धात आपली पोरं पूर्व आफ्रिकेत लढली, मेली, त्यांच्या आठवणीसाठी सुदानने १ लाख पौंड दिले, फाळणीनंतर आपल्या वाट्याला ७० हजार आले, त्यातून ती उभी राहिली. सुदानला संबंध कळला, आपल्या सोसायटीला कळेना.

हां, कटांगातल्या तांब्याच्या खाणींवर बड्या देशांचा डोळा होता, तिथलं राजकारण काही सोवळं नव्हतं, मान्य. पण तो हिशोब दिल्ली-न्यूयॉर्कवाल्यांना विचारा ना, हुकूम आल्यावर पुढे गेलेल्या पोराला कशाला?

पोरच म्हणते मी. २९ नोव्हेंबरला सव्वीस पूर्ण झाली होती. सहा दिवस आधी. माझा धाकटा भाऊ सव्वीसचा होता तेव्हा त्याला टॉवेल वाळत घालायची अक्कल नव्हती.

चिडून लिहायला बसले खरी, पण आता आबाच डोळ्यासमोर येतायत. म्हातारपणी हात थरथरायचे, तरी दारावरून कोणी सायकल ढकलत चालला की हाक मारायचे, "थांब रे, चेन पडली का?" फुकट चढवून द्यायचे. आणि मग काळे हात तसेच ठेवून पोराच्या तोंडाकडे नीट बघून घ्यायचे.