हत्तीपायावर बिब्बा लावा म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

काल पेडण्याहून मावशीचा फोन, विचारते बिब्बा कुठल्या दुकानात मिळेल रे. का, तर व्हॉट्सॲपवर आलंय, हत्तीपायावर बिब्ब्याचं तेल लावा, फोड येतील, त्या पाण्यातून किडे बाहेर पडतात आणि महिन्यात पाय उतरतो. मावशीचा डावा पाय चार वर्षं सुजतोय. हाच मेसेज आमच्या वाड्याच्या ग्रुपवर तिघांनी टाकलाय, म्हणून लिहितोय.

बिब्ब्याने कातडी भाजते, फोड त्यामुळेच येतात, आणि भाजल्यावर फोडात जे पाणी धरतं तेच हे पाणी. हत्तीपाय होतो तो डासांतून येणाऱ्या जंतांमुळे. मोठे जंत असतात आत खोल, लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, 6 ते 8 वर्षं जगतात, आणि त्यांची पिल्लं रक्तात फिरतात, नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाहीत एवढी बारीक. मग फोडातून किडे कसले दिसले ह्यांना? उलट सुजलेल्या पायाची कातडी फुटली की तिथूनच बॅक्टेरिया आत शिरतात, मग थंडी वाजून ताप, पाय लालबुंद, जांघेत गाठ, आणि असा एकेक झटका येऊन गेला की सूज आधीपेक्षा वाढलेली. डॉक्टर रोज साबणाने पाय धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला सांगतात आणि हा मेसेज मुद्दाम जखम करायला सांगतोय! त्यात मावशीला डायबेटिस, ऐकून जीवच घाबरला माझा.

पुढे मेसेजात म्हणे, हत्तीपायाच्या तपासणीला रात्री रक्त घेतात ते विकायला. अहो, बोटाला टोचून काही थेंब घेतात, ते कोण विकत घेणार? जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलंय, हे बारीक जंत रात्रीच रक्तात वर येतात म्हणून रक्त रात्री घ्यायचं. गटाराच्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो, जंतांची वेळ त्या डासाच्या वेळेशी जुळलेली. त्यामुळे दिवसा रक्त देऊन रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त राहू नका. अँटिजेनची, म्हणजे रक्तातले जंतांचे अंश ओळखणारी पट्टी असते ती दिवसाही चालते, पण सूज जुनी असेल तर तपासण्या निगेटिव्ह येऊ शकतात, तेव्हा पाय डॉक्टरला दाखवायलाच हवा.

डासांचा संबंध नाही, घराण्यातच असतो म्हणे. 1877 साली पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरने डासाच्या अंगात हे जंत वाढतात ते शोधून काढलं, अजून काय सांगायचं. घरात दोघातिघांना होतो कारण सगळ्यांना चावणारे डास तेच.

मेसेज म्हणतो गोळ्या घेऊ नका, ताप येतो, सूज जात नाही, मूल होत नाही. ह्यातलं अर्धं खरं आहे, मानतो. डीईसी, म्हणजे ह्या जंतांवरची गोळी, घेतल्यावर काहींना ताप येतो, डोकं दुखतं, जंत मरतात त्यामुळे. जुनी सूजही गोळीने जात नाही. पण गोळी रक्तातले जंत मारायला असते, सूज उतरवायला नाही. गरोदर बाई, 2 वर्षांखालचं मूल, फार आजारी माणूस, ह्यांना ती देत नाहीत. मूल होत नाही वगैरे थापा. आणि हायड्रोसील, म्हणजे अंडकोषात पाणी साठून सूज, असेल तर ऑपरेशन होतं, लाजून घरी बसू नका.

मावशीला उद्या सकाळच्या बसने बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेतोय. बिब्बा तिने अजून आणला नव्हता, बरं झालं तिने आधी मला फोन केला.