शब्द सारखा, म्हणून भाषेचं मूळ एक?

सोलापुरात व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फार फिरतोय. मराठी, कन्नड, तेलुगू, इंग्रजीतले सारखे शब्द शेजारी मांडलेत आणि खाली निष्कर्ष काढलाय: शब्द एक म्हणजे मूळ एक, सगळ्या भाषा संस्कृतच्याच लेकी. हे चूक आहे, आणि तीन भाषा कानावर घेत वाढणाऱ्या गावानं तरी ते पुढं ढकलू नये.

‘शब्द एक म्हणजे मूळ एक.’ कन्नडमध्ये ‘मेले’ म्हणजे वर. आपलं ‘मेले’ संस्कृत ‘मृत’वरून प्राकृतातून आलं. कन्नड ‘केळी’ म्हणजे ऐका. आपली केळी ‘कदली’ची. ‘मने’ त्यांचं घर, आपल्याकडं मनाचं अनेकवचन. यातलं काही साम्य तर लिपीनंच घडवलंय. कन्नडमध्ये ते ‘केळि’ आहे, शेवटचा इकार आपण दीर्घ लिहितो. कन्नड ‘मेले’, ‘मने’च्या शेवटी असतो तसल्या ऱ्हस्व ‘ए’साठी तर आपल्याकडं वेगळी खूणच नाही. संस्कृत आणि मराठीतही हेच: संस्कृत ‘पान’ म्हणजे पिणं, झाडाचं पान ‘पर्ण’वरून.

‘अर्थही जुळला की शंका नको.’ फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’, दोन्हींचा अर्थ वाईट, मुळं वेगळी. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबराम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’च म्हणत, तो शब्द तिथल्याच जुन्या ‘गुदगा’पासून झिजत आलेला.

‘अक्का, अण्णा कन्नडनं मराठीतून घेतले.’ उलट आहे. हे शब्द द्राविड, म्हणजे कन्नड-तेलुगूच्या कुटुंबातले; घेतले आपण. त्यात कमीपणा कसला? आपल्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची १२व्या शतकातली वचनं कन्नडच आहेत.

‘कन्नड-तेलुगूत संस्कृत शब्द ढीगभर आहेत.’ आहेत, पण ते उसने. डोळा, हात, एक, दोन यांचे शब्द बघा: कन्नडमध्ये कण्णु, कै, ओंदु, एरडु. यातला एकही संस्कृतातून आलेला नाही.

नातं दिसतं ते ठरावीक फरकातून. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात दूध ‘पालु’, कन्नड घरात ‘हालु’. वाघ ‘पुलि’, तिकडं ‘हुलि’. साप ‘पामु’, तिकडं ‘हावु’. फूल ‘पूवु’, तिकडं ‘हूवु’. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा ‘प’ पुढं ‘ह’ झाला, तोही एखाद्याच शब्दात नव्हे, ओळीनं. दिसायला वेगळे असले तरी हे शब्द खरे सख्खे. दक्षिणेतल्या या भाषांचं कुटुंब संस्कृतपासून निराळं आहे हे मद्रासच्या एलिस या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१६ मध्येच मांडलं. मिशनरी कॉल्डवेलचं द्राविड भाषांचं तौलनिक व्याकरण १८५६ चं.

मेसेजमधली ‘नाम’ आणि ‘नेम’ ही जोडी मात्र बरोबर आहे. हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे. पण तिथंही इंग्रजी संस्कृतची लेक ठरत नाही. दोघींच्याही आधीच्या एका भाषेतून त्या आपापल्या वाटेनं आल्या.